न वाचलेल्या अंकांचा पारखी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं माझ्या मागे लागले आहेत. "अण्णा, उभा जन्म पुस्तकांच्या संगतीत काढलात, काहीतरी लिहा." पुस्तकांच्या संगतीत राहिलेला माणूस सुसंस्कृत असतो, असा त्यांचा समज आहे. हलवायाच्या दुकानात माश्याही जन्म काढतात, पण त्यांना जिलबी कशी करतात हे कोणी विचारत नाही.

अव्हेन्यू रोडच्या एका बोळात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. वडील शाळेची वापरलेली पाठ्यपुस्तकं विकायचे, मी इतर सगळं विकायला लागलो. आमचं घराणं चार पिढ्या कर्नाटकातल्या याच गावात आहे. पुण्याहून आलेली माणसं आमचं मराठी ऐकून आधी हसतात, मग "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारतात. मूळचे इथल्याच बळेपेटचे, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

नव्वदच्या सुमारास माझ्या दुकानात एक नवी जमात यायला लागली. त्यांना लहानपणी वाचलेली कॉमिक्स पुन्हा हवी होती. इथपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू त्यातून आणखी वरचढ लोक निघाले. त्यांना वाचलेली कॉमिक्स नको होती. तीस वर्षं जुनी आणि कोणाचाही हात न लागलेली हवी होती. म्हणजे म्हातारी हवी, पण तिच्या तोंडावर सुरकुती नको. मी कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तो धंदा सुरू केला.

बाहेरच्या माणसाला या पारखीतलं काही कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉमिक हातात घेतलं की आधी गोष्ट बघायची नाही, पाठीचा कणा बघायचा. घडीवर पांढऱ्या रेघा असतील तर तो अंक कोणीतरी मोडून वाचलेला आहे. मग दोन पिना बघायच्या. पिनेला गंज चढला की तो कागदात उतरतो. मग चार कोपरे, मुखपृष्ठाची चकाकी आणि आतल्या कागदाचा रंग. पहिल्या पानावर मुलाचं नाव, वाचनालयाचा शिक्का, कात्रीने कापून नेलेलं कूपन यांतलं काहीही असलं की अंक खालच्या प्रतीत गेला. थोडक्यात, एखाद्या मुलाला त्या अंकापासून आनंद झाल्याची जी जी खूण असेल, ती ती शोधून काढायची आणि तिच्याबद्दल भाव कमी करायचा. हे काम मी इतकं चांगलं करत असे की मद्रास आणि हैदराबादचे शौकीनसुद्धा माझा शब्द प्रमाण मानत.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगू? मल्लेश्वरमचे एक गृहस्थ अभिमानाने सहा जाडजूड खंड घेऊन आले. वर्षावर्षाची कॉमिक्स त्यांनी बाइंड करून घेतली होती, पाठीवर सोनेरी अक्षरांत मुलाचं नाव. बाइंडरने तिन्ही बाजू सफाईने कापल्या होत्या, त्याबरोबर प्रत्येक चित्रातलं अर्धं डोकंही गेलं होतं. मी म्हटलं, "साहेब, याला रद्दीचा भाव येईल." ते म्हणाले, "बाइंडिंग फर्स्ट क्लास आहे हो!" बाइंडिंग फर्स्ट क्लासच होतं. के. आर. पुरमहून एक बाई यायच्या, त्यांनी प्रत्येक मुखपृष्ठाला प्लॅस्टिक चिकटवून वरून इस्त्री फिरवली होती. एक इसम अंक उघडून नाक खुपसायचा, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा आणि काही न घेता जायचा. त्याच्यावर मात्र मी कधी रागावलो नाही. त्या सगळ्यांत पानाच्या आत डोकं घालणारा तो एकटाच होता.

आणि पराग होता. पुण्याहून आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरी, भाड्याचा फ्लॅट, शनिवारी माझ्या दुकानात. अमेरिकेतल्या कुठल्याशा किंमतपुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती तो छातीशी धरून फिरायचा.

"काका, मला फक्त हाय ग्रेड दाखवा. रीडिंग कॉपीज नकोत, त्या माझ्याकडे ऑलरेडी आहेत."

"त्या वाचल्यास का?" मी विचारलं.

"वेळ कुठे मिळतो हो!"

असल्या माणसांच्या जिवावर मी घराचा वरचा मजला चढवला, तेव्हा फार बोलत नाही.

पण मला सांगायचंय ते रंगनाथरावांबद्दल. त्या गोष्टीत सगळ्यात मोठा मूर्ख कोण, याचा निकाल वाचकांनी लावावा. माझा लागलेला आहे.

रंगनाथराव येलहंक्याचे. एका कारखान्याच्या भांडारात स्टोअरकीपर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं होतं. सत्तरीचे, काटक, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. दुकानात आले ते हातात एक यादी घेऊन. इंग्रजी चित्रकथांची एक साप्ताहिक मालिका पूर्वी रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळायची. तिचा नायक एक पाणबुड्या होता, समुद्रात बुडी मारून चोरट्या मालाचा माग काढणारा. त्या मालिकेचे दोनशे सतरा अंक त्यांच्याकडे होते, एकही न चुकता.

"स्थिती?" मी सवयीने विचारलं.

"नवीन," ते म्हणाले.

सगळेच तसं म्हणतात. मी विचारलं, "विकत घेताना गठ्ठ्यातला कितवा अंक उचलायचात?"

"तिसरा. वरच्या दोघांवर सुतळीचा वण असतो."

मी खुर्चीतून उठलोच. हा प्रश्न मी शेकडो लोकांना विचारला असेल, पण हे उत्तर देणारा माणूस पहिल्यांदा भेटत होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी येलहंक्याला गेलो. पत्र्याची ट्रंक, तळाशी वाळवलेला कडुलिंब, प्रत्येक अंकाच्या मध्ये खाकी कागद. डांबराच्या गोळ्या नाहीत, कारण त्यांनी डाग पडतात हे त्यांना ठाऊक होतं. मी हात धुऊन, पुसून, कोरडे करून एकेक अंक काढायला लागलो, आणि खरं सांगतो, देवघरात बसल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या मुलांनी चिवडलेला माल बघून डोळे विटले होते. पाणबुड्याच्या अंगावरचा निळा रंग कालच छापल्यासारखा होता.

घरात त्यांची मुलगी होती, वसुधा. छत्तीस-सदतीस वर्षांची, जवळच्याच शाळेत शिक्षिका. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत येत नव्हती. तिने कॉफी आणली तर रंगनाथरावांनी "तिकडे, तिकडे!" म्हणून हात केला आणि तिने पेला बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला.

"हे हिच्यासाठीच घेतले," रंगनाथराव मला म्हणाले. "आठ वर्षांची होती. म्हटलं, थोडी मोठी झाली, वस्तू कशी वापरायची हे कळायला लागलं, की सगळे एकदम देऊ. नवेकोरे."

"मग?"

"मग काय? रोज रडायची. एकदा ट्रंकेला हात लावला तर मी दिला एक धपाटा. आता अजून मनात धरून बसलीय. आईचं तेरावं झालं त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, अप्पांनी मला काही वाचू दिलं नाही. अण्णा, मला विकायची घाई नाही. पैसेही नकोत. याची काय किंमत आहे ते तुम्ही हिच्यासमोर सांगा. मी बरोबर होतो की नाही, एवढं एकदा होऊन जाऊ दे."

म्हणजे मला कॉमिक्सची नाही, बाप-लेकीच्या अठ्ठावीस वर्षांच्या भांडणाची पारख करायला बोलावलं होतं. शहाणा माणूस तिथेच पिशवी उचलून बसस्टॉपवर गेला असता. पण ती ट्रंक समोर होती. तिच्यापुढे मला बाप दिसेना आणि लेक दिसेना.

तीन तास लागले. प्रत्येक अंक मी हलकेच, पूर्ण न उघडता, अर्धवट उघडून पानं मोजली, मधली जोडपानं बघितली, शेवटचं पान जागेवर आहे याची खात्री केली. मग गुडघे चोळत उभा राहिलो आणि सांगितलं, "रंगनाथराव, असा संच कर्नाटकात नाही. मद्रासलाही नाही. पहिल्या दर्जाची प्रत. न उघडलेली."

ते लेकीकडे वळले. "ऐकलंस?"

"ऐकलं, अप्पा."

"तुझ्या हातात दिले असते तर आज काय असतं?"

 वसुधा माझ्याकडे वळली.

"अण्णा, मी हे सगळे वाचलेले आहेत. मार्केटजवळ एक वाचनालय होतं, तिथे बसून वाचायचे. पण तिथल्या अंकांना शेवटचं पान नसायचं."

यावर मी, गाढवाने, मान डोलावली आणि तिला कारण समजावून सांगितलं. कॉमिक म्हणजे घडी घातलेल्या कागदांचा जुडगा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर पहिली पानं आणि शेवटची पानं एकत्र असतात. मुखपृष्ठ गेलं की पाठोपाठ तो कागद सुटतो. म्हणून वाचनालयाच्या अंकात सुरुवात आणि शेवट दोन्ही नसतात.

"सुरुवातीचं काही वाटत नाही," ती म्हणाली. "कोण कोण आहेत ते कळतंच पुढे. पण प्रत्येक गोष्टीत तो पाण्याखाली अडकलेला असतो, आणि मग पुढे काही नाही. मला सगळे वाचायचे नाहीत. फक्त शेवटची पानं बघते. हे विकून जाण्याआधी एकदा. चालेल का?"

रंगनाथराव म्हणाले, "मला विचारू नकोस. त्यांना विचार. अण्णा, वाचल्याने भाव उतरतो की नाही? खरं काय ते सांगा. हा माणूस खोटं सांगणार नाही, वसू."

आणि मी सांगितलं, "उतरतो."

पिनेपाशी ताण कसा पडतो, पहिल्या वाचनाची घडी कशी कायमची राहते, न उघडलेला आणि एकदा उघडलेला यांत कसा एका दर्जाचा फरक पडतो, हे सगळं मी सांगितलं. मला ते येत होतं आणि ऐकणारं कोणीतरी होतं. वसुधाने पुरतं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "सरी, ठीक आहे अण्णा," आणि गार झालेली कॉफी बदलून आणायला आत गेली.

परतीच्या बसमध्ये हेब्बाळच्या आसपास माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न उघडलेला म्हणजे काय? सकाळपासून दोनशे सतरा अंक मीच उघडले होते. प्रत्येकाचं शेवटचं पान मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते वाचलं मात्र नव्हतं. मी उघडले तशीच जपून तिने उघडले असते, तर कुठल्या पिनेवर काय ताण पडणार होता? ती तीन तास दारात उभी राहून ते बघत होती. तिने मला तसं तोंडावर म्हणायला हवं होतं. ती शिक्षिका होती, चूक दिसत नव्हती असं नाही. पण वडिलांनी शब्द दिला होता की हा माणूस खोटं सांगणार नाही, आणि तो शब्द तिने खोटा पडू दिला नाही. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. परत जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. पारखी माणसाने दिलेला निकाल फिरवला की धंदा संपतो, असं मी स्वतःला समजावलं.

संच अर्थातच परागने घेतला. निकाल लागल्यावर रंगनाथरावांना ट्रंकेत रस उरला नव्हता. परागने पांढरे हातमोजे घातले, एकेक अंक पारदर्शक पिशवीत सरकवला, मागे जाड पुठ्ठा घातला, वर चिकटपट्टी लावली.

मी म्हटलं, "बंद करण्याआधी शेवटची पानं एकदा बघू देतोस का? एका बाईंना हवी आहेत."

"काका!" तो असा दचकला की जणू मी त्याची किडनी मागितली. "तुम्हीच तर शिकवलंत!"

तेही खरंच होतं.

पाच-सहा महिन्यांनी रंगनाथराव दुकानात आले. एकटेच, दोन बस बदलून. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरला होता, एका हातात भिंग आणि एका हातात कापडी पिशवी. मला वाटलं, भावाबद्दल काही तक्रार असेल.

"पाणबुड्याचे अंक आहेत?"

"तुमच्यासारखे कुठले असणार?"

"तसले नकोत. फाटके चालतील." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "ट्रंक गेली त्या दिवसापासून वसू भांडत नाही. काही विचारलं की हो म्हणते. जेवायला वाढते, औषध देते. आधी भांडायची ते बरं होतं, अण्णा."

मी माळ्यावरचा ढीग खाली काढून दिला. सुतळीचा वण बघून अंक बाजूला करणारा हा माणूस त्या धुळीत मांडी घालून बसला. तेलाचे डाग, शाईच्या मिशा, झुरळांनी खाल्लेल्या कडा, कशाचंच त्यांना काही नव्हतं. प्रत्येक अंक उचलायचे, सरळ शेवटी उघडायचे, भिंग टेकवून तळाच्या कोपऱ्यातला 'द एंड'चा, म्हणजे 'समाप्त'चा चौकोन दिसतो का ते बघायचे. नसला की खाली. अर्धा ढीग झाल्यावर मी म्हटलं, मी बघून देतो. त्यांनी ऐकलं नाही. दुपारपर्यंत चौदा अंक निघाले. ते पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासले आणि मगच पिशवीत घातले. मी पैसे घेतले नाहीत. माझं औदार्य नेहमी असं स्वस्तातलं असतं.

महिन्याभरात मला आणखी दोन अंक सापडले, शेवटच्या पानासकट. एका रविवारी ते घेऊन मी येलहंक्याला गेलो. हाक मारणार तेवढ्यात फाटकापाशीच मला वसुधाचा आवाज ऐकू आला. रंगनाथराव व्हरांड्यात आरामखुर्चीत होते, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची हिरवी पट्टी. ती बाजूला स्टुलावर बसून त्यांना पाणबुड्या वाचून दाखवत होती. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि चित्रही सांगायचं.

"आता तो बोटीच्या खाली शिरलाय अप्पा. नळी अडकलीय नांगराच्या साखळीत. वरून ते दोघं बघताहेत."

"चाकू असेल की त्याच्याकडे."

"चाकू मगाशीच पडला. हवा संपत आलीय, नुसते बुडबुडे काढलेत. स्वल्पच राहिलीय."

"अरे देवा! मग?"

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला होता. तेव्हा मला कळलं की त्या दोनशे सतरांपैकी एकही गोष्ट या माणसाने कधी वाचली नव्हती. सांभाळायच्या नादात त्याचं स्वतःचंही वाचायचं राहून गेलं होतं.

"मग नाही," वसुधा म्हणाली. "पुढचं पान नाही यात."

रंगनाथरावांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली.

मी पायरीपर्यंत आलो होतो. मी उभा होतो तिथून पान स्वच्छ दिसत होतं. पाणबुड्या वाळूवर उताणा पडून हसत होता आणि खाली 'समाप्त'चा चौकोन होता, त्यावर तिचा अंगठा. तिने मला पाहिलं. पान झाकलं नाही, नजरही काढली नाही.

"अण्णा आलेत, अप्पा," ती म्हणाली. "त्यांच्याकडचाच अंक ना हा? अण्णा, याला शेवटचं पान नव्हतंच ना?"

पट्टी बांधलेला तो चेहरा माझ्याकडे वळला. ते पान त्याने माझ्या दुकानात धुळीत बसून, भिंग टेकवून, एकदा नाही दोनदा बघितलं होतं. मीही शेजारीच होतो.

मी म्हणालो, "नव्हतं."

व्यवसायात मी चुकीचे निकाल पुष्कळ दिले असतील, पण समोर दिसत असलेल्या मालाबद्दल धडधडीत खोटं सांगितलं ते तेवढं एकदाच.

रंगनाथराव खुर्चीत मागे टेकले. मांडीवरचे हात त्यांनी एकमेकांत घातले, सोडले, पुन्हा घातले.

"जुना माल," ते म्हणाले. "असंच असायचं." आणि थोडं थांबून, "दुसरा काढ, वसू."